कॅमेरा आणि दुर्बिणीतून आकाशाचे छायाचित्रण : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आकाशाची छायाचित्रे घ्यावीत असे ज्याच्या मनात येते, त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा दुर्बिणीविषयी असतो: किती मोठी घ्यावी, भिंगाची घ्यावी की आरशाची, आणि तिच्यातून किती पट मोठे दिसेल. मीही हेच विचारले होते आणि एक मोठी आरशाची दुर्बीण व तिच्या मानाने फारच हलके माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा आधार, घेऊन बसलो होतो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझ्या प्रत्येक छायाचित्रात तारे ठिपक्यांऐवजी छोट्या रेघांसारखे उमटत राहिले. कॅमेरा आणि दुर्बीण दोन्ही चांगली होती. खरेदीचा क्रम चुकला होता. या छंदात पैसा खर्च करताना माउंटचा विचार सर्वांत आधी करावा लागतो आणि सराव मात्र हातात असलेल्या कॅमेऱ्यापासून सुरू करावा लागतो. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

त्याआधी एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी. आपला डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. अमेरिकेतील हौशी खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृगाच्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांनी छायाचित्रणाची काच सुमारे ५० मिनिटे उघडी ठेवली होती आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग फिरत राहील अशी यंत्रणा बसवली होती. आजचे सेन्सर त्या काचेपेक्षा कितीतरी संवेदनशील आहेत, तरी कामाचे स्वरूप तेच आहे: पुष्कळ वेळ प्रकाश गोळा करणे आणि तेवढा वेळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम अचूकपणे नाहीसा करणे.

१. काय टिपायचे ते आधी ठरवा

आकाशाच्या छायाचित्रणाचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात आणि प्रत्येकाची साधने वेगळी असतात. आकाशगंगेचा पट्टा, तारकासमूह आणि उल्कावर्षाव यांसाठी रुंद कोनाची लेन्स व तिपाई पुरते. चंद्र आणि ग्रह यांसाठी लांब फोकल लेंग्थची (भिंग किंवा आरशापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण आणि वेगाने चित्रफीत टिपणारा कॅमेरा लागतो. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांसाठी आखूड फोकल लेंग्थची दुर्बीण, भक्कम माउंट आणि दीर्घ एक्स्पोजर, म्हणजे एकेका चित्रासाठी सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा मोठा काळ, लागतात.

ही तिन्ही कामे उत्तम करणारी एकच दुर्बीण मिळत नाही. तसे आश्वासन देऊन काही विकले जात असेल तर सावध राहा. हा लेख मुख्यतः तिसऱ्या प्रकाराविषयी आहे, कारण नवख्याचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

२. पहिल्या काही रात्री फक्त कॅमेरा आणि तिपाई वापरा

ज्याची लेन्स बदलता येते असा कोणताही कॅमेरा, भक्कम तिपाई आणि शटर दुरून दाबण्याचा रिमोट एवढ्यावर सुरुवात होते. कॅमेरा पूर्णपणे मॅन्युअल मोडवर ठेवा, चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, स्वरूपात साठवा, लेन्समधील स्थिरीकरण बंद करा आणि ऑटोफोकसही बंद करा. आयएसओ (संकेत किती मोठा करून लिहायचा त्याचा आकडा) १६०० आणि लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे किंवा एक पायरी कमी, ही सुरुवातीची मूल्ये बहुतेक ठिकाणी चालतात.

एक्स्पोजर किती सेकंदांचे असावे, यासाठी जुन्या पुस्तकांत ५०० चा नियम सांगितलेला असतो: ५०० ला फोकल लेंग्थने भागावे. हा नियम फिल्मच्या काळाला ठीक होता. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर या नियमाने घेतलेले चित्र मोठे करून पाहिले की तारे लांबट दिसतात. त्याऐवजी ३०० ला भागा. २० मिमी लेन्ससाठी १५ सेकंद, ५० मिमीसाठी ६ सेकंद आणि १३५ मिमीसाठी जेमतेम २ सेकंद मिळतात. सेन्सर पूर्ण आकाराचा नसून लहान असेल, तर फोकल लेंग्थ आधी १.५ ने गुणून घ्या.

या टप्प्याला कमी लेखू नका. ५० मिमी लेन्सने ६ सेकंदांची २०० चित्रे घेतली तर २० मिनिटांचा प्रकाश जमा होतो आणि अंधाऱ्या आकाशाखाली तेवढ्यात देवयानी दीर्घिकेचा लंबगोल स्पष्ट दिसू लागतो. शिवाय अंधारात फोकस करणे, लक्ष्य शोधणे आणि घेतलेली चित्रे संगणकावर एकत्र करणे ही तीन कौशल्ये इथेच तयार होतात. दुर्बीण आल्यावर ती नव्याने शिकत बसावे लागत नाही.

३. माउंट: सर्वाधिक खर्च आणि सर्वाधिक विचार इथे करा

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला, म्हणून हा आकडा क्षुल्लक वाटतो. तो चित्रावर किती दिसेल हे पाहण्यासाठी पुढील सूत्र पाठच करून ठेवा: पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि मिमीमधील फोकल लेंग्थने भागा. येणारे उत्तर म्हणजे एका पिक्सेलवर आकाशाच्या किती विकला मावतात ते. ४ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि ६०० मिमीची दुर्बीण असेल, तर उत्तर सुमारे १.४ येते. म्हणजे माउंट स्थिर असेल तर तारा एका सेकंदात जवळजवळ ११ पिक्सेल ओलांडून जातो. १००० मिमीच्या दुर्बिणीत तो १८ पिक्सेल ओलांडतो. माझ्या रेघांचे कारण या साध्या भागाकारात होते आणि तो भागाकार मी खरेदीपूर्वी केला नव्हता.

म्हणून विषुववृत्तीय माउंट घ्यावे. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवता येतो, त्यामुळे एकाच मोटरने, एकाच संथ गतीने ताऱ्याचा पाठलाग होतो. वर-खाली आणि डावी-उजवी फिरणारी साधी माउंटे डोळ्यांनी पाहायला सोयीची असतात, परंतु त्यांच्यावर तारा मध्यभागी टिकला तरी आजूबाजूचे आकाश हळूहळू गोल फिरते आणि लांब एक्स्पोजरमध्ये चित्राच्या कडेचे तारे कंसासारखे उमटतात.

माउंट निवडताना दोन सापळे टाळा. पहिला सापळा वजनाचा आहे. माउंट किती किलो पेलते याचा छापील आकडा डोळ्यांनी निरीक्षण करण्यासाठी असतो असे समजून चाला. छायाचित्रणासाठी त्याच्या निम्मे, फार तर दोन तृतीयांश वजन ठेवा आणि त्या वजनात कॅमेरा, रिंगा, फाइंडर (लक्ष्य शोधण्याची छोटी दुर्बीण) आणि केबली धरायला विसरू नका. दुसरा सापळा दातांच्या चाकांतील चुकीचा आहे. कोणत्याही माउंटची चाके पूर्णपणे निर्दोष नसतात, त्यामुळे काही मिनिटांच्या आवर्तनाने माउंट किंचित पुढे जाते आणि किंचित मागे राहते. आखूड फोकल लेंग्थला हे जाणवत नाही, लांबला चटकन जाणवते. त्यावर उपाय म्हणजे गायडिंग: मुख्य दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवतात. संगणकावरील पीएचडी २ हा मोफत प्रोग्रॅम त्यातून एका ताऱ्याकडे सतत पाहतो आणि तारा जरा सरकला की माउंटला दुरुस्तीची सूचना देतो. ही सोय पहिल्याच दिवशी घेऊ नका. गायडिंगशिवाय ६० सेकंदांची गोल ताऱ्यांची चित्रे येऊ लागली की मगच तिच्याकडे वळा, अन्यथा बिघाड कुठे आहे हे शोधणे कठीण होते.

केवळ लेन्स आणि कॅमेरा पेलणारे छोटे ट्रॅकरही मिळतात. ज्यांना सामान पाठीवर घेऊन अंधाऱ्या जागी जावे लागते त्यांनी आधी याच मार्गाचा विचार करावा. १३५ किंवा २०० मिमीच्या लेन्सने ट्रॅकरवर घेतलेली काही चित्रे मोठ्या दुर्बिणीच्या तोडीची असतात.

४. दुर्बीण: लहान आणि आखूड

पहिल्या दुर्बिणीसाठी माझी निवड विचाराल तर ६० ते ८० मिमी व्यासाची, ३५० ते ५०० मिमी फोकल लेंग्थची आणि ईडी काचेची भिंगाची दुर्बीण. साध्या भिंगाच्या दुर्बिणीत निळा-जांभळा प्रकाश इतर रंगांबरोबर एकाच ठिकाणी एकवटत नाही, त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळे वलय येते. ईडी काचेमुळे ते बरेच कमी होते.

किती पट मोठे दिसेल हा प्रश्न छायाचित्रणात गैरलागू आहे, कारण इथे नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, वापरतच नाहीत. आकाशाचा किती भाग चित्रात येईल हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर फोकल लेंग्थ व सेन्सरच्या आकारावर ठरते. ४०० मिमीची दुर्बीण आणि सुमारे २३ मिमी रुंदीचा सेन्सर यांच्यात ३ अंशांहून थोडा अधिक रुंद पट्टा मावतो. देवयानी दीर्घिका आकाशात जवळजवळ ३ अंश पसरलेली आहे, म्हणजे सहा चंद्र शेजारीशेजारी ठेवल्याएवढी. १००० मिमीच्या दुर्बिणीत तिचा निम्मा भागही मावत नाही. नवख्यांना दीर्घिका लहान असतात असे वाटते. प्रत्यक्षात आपल्या परिचयाच्या अनेक वस्तू मोठ्या आहेत, फक्त मंद आहेत.

आरशाची न्यूटन पद्धतीची दुर्बीण त्याच खर्चात अधिक व्यास देते, परंतु तिचे आरसे वेळोवेळी एका रेषेत आणावे लागतात, कडेचे तारे धूमकेतूसारखे न दिसण्यासाठी कोमा करेक्टर लागतो, आणि तिची लांब नळी वाऱ्याने हलते. शिवाय निरीक्षणासाठी बनवलेल्या कित्येक न्यूटन दुर्बिणींत कॅमेरा लावल्यावर फोकस मिळतच नाही, कारण फोकसर, म्हणजे फोकस जुळवण्यासाठी मागेपुढे सरकणारा भाग, पुरेसा आत जात नाही. वापरलेली दुर्बीण घेताना हे आधी विचारून घ्या.

५. लागणारे साहित्य

पहिल्या पूर्ण रात्रीसाठी इतके सामान लागते:

– विषुववृत्तीय माउंट, त्याची तिपाई आणि प्रतिभाराची वजने
– छोटी दुर्बीण आणि तिला जुळणारा, चित्राच्या कडेचे तारेही नीट उमटवणारा फील्ड फ्लॅटनर
– कॅमेरा, त्याला लेन्सच्या जागी बसून दुर्बिणीशी जोडणारी टी-रिंग आणि मोठ्या क्षमतेचे मेमरी कार्ड
– इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे ठरावीक सेकंदांची ठरावीक चित्रे आपोआप घेणारा रिमोट
– माउंट आणि कॅमेरा रात्रभर चालेल अशी बॅटरी
– दुर्बिणीच्या तोंडाभोवती गुंडाळायचा दंवरोधक हीटर
– अचूक फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क
– लाल प्रकाशाची विजेरी
– स्टेलॅरियमसारखा आकाशनकाशाचा प्रोग्रॅम

या यादीतील हीटर अनेक जण वगळतात. दुर्बिणीची काच रात्री मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, म्हणून हवा कोरडी वाटत असतानाही तिच्यावर दंव धरते. तारे हळूहळू मंद आणि फुगीर होत जातात आणि छायाचित्रकार मात्र फोकस पुन्हा पुन्हा तपासत बसतो. दंव धरलेली काच कापडाने कधीही पुसू नका. कोमट हवेने ती वाळू द्या.

विशेष खगोलीय कॅमेरा घेण्याची घाई करू नका. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर जी गाळणी असते ती ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते आणि हायड्रोजनचे तेजोमेघ नेमके त्याच रंगात उजळतात. ही मर्यादा खरी आहे. परंतु मृगाचा तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिका आणि बहुतेक तारकागुच्छ साध्या कॅमेऱ्यानेही सुंदर येतात. पहिले वर्ष त्यांच्यासाठी पुरून उरते.

६. जोडणी

दुर्बिणीच्या फोकसरला फ्लॅटनर, त्याच्या मागे टी-रिंग आणि टी-रिंगला कॅमेरा, अशी साखळी असते. दुर्बीणच कॅमेऱ्याची लेन्स होते. फ्लॅटनरच्या मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर बहुतेक वेळा ५५ मिमी अपेक्षित असते. डीएसएलआर कॅमेरा आणि त्याची योग्य टी-रिंग मिळून हे अंतर आपोआप भरते. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची जाडी कमी असते, म्हणून त्यांच्या टी-रिंगा अधिक लांब असतात किंवा मध्ये एक नळी घालावी लागते. अंतर चुकले तर मध्यभागचे तारे नीट आणि चारही कोपऱ्यांचे तारे ताणलेले दिसतात. केवळ एकाच कोपऱ्यात ते ताणलेले असतील, तर कॅमेरा तिरका बसला आहे असे समजा.

संतुलन दिवसाच करून पाहा. दोन्ही अक्षांच्या कळा सैल केल्यावर दुर्बीण जिथे सोडाल तिथे थांबली पाहिजे. त्यानंतर पूर्वेकडची बाजू अगदी किंचित जड ठेवली तर चाकांचे दात एकमेकांना सतत टेकून राहतात आणि माउंट हेलकावत नाही.

७. ध्रुवाशी जुळवणी

माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे म्हणजे ध्रुवीय जुळवणी. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या जागेच्या अक्षांशाएवढी असते, म्हणून आधी माउंटवरील उंचीची मोजपट्टी अक्षांशावर आणा आणि अक्ष उत्तरेकडे, दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेकडे, वळवा. होकायंत्र वापरत असाल तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक ध्यानात घ्या.

आता मुख्य सापळा. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो ध्रुवापासून सुमारे ३८ कला (एक कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग) दूर असून त्याच्याभोवती फिरतो. माउंटच्या ध्रुवदर्शीमध्ये, म्हणजे अक्षाच्या दिशेने पाहणाऱ्या छोट्या दुर्बिणीत, ध्रुवतारा मध्यभागी आणून अनेक जण समाधान मानतात. तसे केल्यास तारा दर मिनिटाला ९ ते १० विकलांपर्यंत सरकू शकतो आणि एका मिनिटाचे चित्रही बिघडते. ध्रुवतारा ध्रुवदर्शीतील वर्तुळावर, त्या क्षणी जिथे असायला हवा तिथे ठेवायचा असतो आणि ती जागा मोबाइलवरील ध्रुवदर्शीचे ॲप दाखवते. चूक ५ कलांपर्यंत खाली आणली तर सरकणे मिनिटाला जास्तीत जास्त १.३ विकला उरते, जे छोट्या दुर्बिणीला सहज चालते. याहून बारीक जुळवणीच्या मागे पहिल्या रात्री लागू नका.

दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळचा तारा, सिग्मा ऑक्टॅन्टिस, जेमतेम डोळ्यांना दिसेल इतका मंद आहे. तिथे प्लेट सॉल्व्हिंगवर आधारलेली पद्धत अधिक सुखाची ठरते: कॅमेरा ध्रुवाजवळचे चित्र घेतो, प्रोग्रॅम त्यातील तारे ओळखतो आणि अक्ष किती व कोणत्या दिशेला हलवायचा ते सांगतो. उत्तरेकडे झाडे किंवा इमारती आड येत असतील, तर आकाशाच्या दुसऱ्या भागाची चित्रे घेऊनही काही प्रोग्रॅम याच पद्धतीने जुळवणी करून देतात.

जुळवणी झाल्यावर तिपाईला धक्का लागू देऊ नका. मी एकदा अंधारात तिपाईच्या पायाला अडखळलो, काही झाले नसावे असे मानले आणि पुढचे दोन तास वाया घालवले. धक्का लागला तर जुळवणी पुन्हा करा.

८. फोकस

लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नका. एखादा तेजस्वी तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून पाहा आणि तो सर्वांत लहान होईपर्यंत फोकसर फिरवा. नंतर दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क लावा. पावेल बाहतिनोव्ह या हौशी खगोलप्रेमीने सुचवलेली ही खाचांची साधी चकती ताऱ्याभोवती तीन प्रकाशरेषा उमटवते आणि मधली रेषा बाकीच्या दोघींच्या बरोबर मधोमध आली की फोकस अचूक असतो. नंतर फोकसरचा स्क्रू घट्ट करा. तो घट्ट करतानाही फोकस हलू शकतो. म्हणून त्यानंतर पुन्हा एकदा पाहा, आणि मग मास्क काढा. मास्क तसाच राहून घेतलेल्या चित्रांतून काहीही वाचवता येत नाही.

तापमान उतरत गेले की दुर्बिणीची नळी आकुंचन पावते आणि फोकस सरकतो. सुरुवातीला दर तासाला एकदा फोकस तपासा. दुर्बीण वापरण्यापूर्वी अर्धा ते एक तास बाहेर ठेवली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

९. एक्स्पोजर

आयएसओ वाढवल्याने अधिक प्रकाश जमा होत नाही. जमा झालेला संकेत फक्त मोठा करून लिहिला जातो आणि एका मर्यादेनंतर तेजस्वी ताऱ्यांचे रंग जळून पांढरे होतात. बहुतेक कॅमेऱ्यांसाठी ८०० ते १६०० पुरेसे आहे.

एका चित्राचा कालावधी आकाशाच्या उजेडावर ठरतो. चाचणीचे चित्र घेऊन कॅमेऱ्यावरील हिस्टोग्रॅम, म्हणजे कमी-अधिक उजेडाच्या पिक्सेलांचा आलेख, पाहा: त्याचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटून साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर आला पाहिजे. उजळ शहरात हे ३० सेकंदांतही होते, अंधाऱ्या जागी दोन-तीन मिनिटे लागतात. आकाशाचा अंधार सांगण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली १ ते ९ ची श्रेणी वापरतात. १ म्हणजे पूर्ण अंधार आणि ९ म्हणजे महानगराचा मध्यभाग. अंधाऱ्या जागेचा फायदा कोणत्याही उपकरणाने भरून निघत नाही, असे मी अनुभवावरून सांगतो. चंद्रप्रकाशाचेही तसेच आहे, म्हणून मंद वस्तूंसाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवा.

मग किती चित्रे घ्यावीत? जितकी घेता येतील तितकी. चित्रे एकत्र केल्यावर संकेताच्या तुलनेत गोंगाट, म्हणजे नॉइज, चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. ४ चित्रांत तो निम्मा होतो, १६ चित्रांत पाव, ६४ चित्रांत एक अष्टमांश. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिल्या तासाने जेवढा फरक पडतो तेवढाच पुन्हा पाडायला आणखी तीन, म्हणजे एकूण चार तास लागतात. आणि २० मिनिटांच्या चित्राची तुलना दुसऱ्या कुणाच्या २० तासांच्या चित्राशी करून निराश होण्याचे कारण नाही.

दर काही चित्रांनंतर दुर्बीण थोडे पिक्सेल इकडेतिकडे सरकवण्याला डिदरिंग म्हणतात. त्यामुळे सेन्सरवरील सदोष पिक्सेल प्रत्येक वेळी वेगळ्या ताऱ्यांवर पडतात आणि एकत्र करताना गळून जातात. संगणक जोडलेला नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हाताने सरकवले तरी लाभ होतो. कॅमेऱ्यातील दीर्घ एक्स्पोजरची नॉइज रिडक्शन मात्र बंद ठेवा, कारण ती प्रत्येक चित्रानंतर तेवढाच वेळ खर्च करते आणि रात्र अर्धी होते.

माउंटवर लक्ष असू द्या. लक्ष्य याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडते तेव्हा जर्मन पद्धतीच्या (प्रतिभाराची वजने लावायच्या) माउंटवर दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते. ते न केल्यास दुर्बिणीची मागची बाजू किंवा कॅमेरा तिपाईच्या पायावर आपटू शकतो.

१०. डार्क, फ्लॅट आणि बायस

आकाशाच्या मूळ चित्रांना लाइट फ्रेम म्हणतात. त्यांच्यातील कॅमेरा आणि दुर्बिणीचे दोष काढण्यासाठी आणखी तीन प्रकारची चित्रे लागतात. डार्क फ्रेम झाकण लावून, त्याच आयएसओला, तेवढ्याच सेकंदांची आणि त्याच तापमानात घेतात. बायस फ्रेम झाकण लावून, कॅमेऱ्याच्या सर्वांत कमी कालावधीची घेतात. प्रत्येकी २० ते ३० पुरतात.

फ्लॅट फ्रेम सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक विसरली जाणारी आहे. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड सुरकुत्या न पडता ताणून बसवा आणि संधिप्रकाशातील आकाशाकडे किंवा पांढऱ्या पडद्याकडे रोखून हिस्टोग्रॅम मधोमध येईल अशी चित्रे घ्या. त्यामुळे कडेचा अंधार आणि सेन्सरवरील धुळीची गोल वलये पुसली जातात. मात्र फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन रात्री होता तसाच असला पाहिजे. कॅमेरा काढून पुन्हा लावला की धुळीच्या जागा बदलतात आणि फ्लॅट निरुपयोगी होते. म्हणून सामान आवरण्यापूर्वी फ्लॅट घ्या, कितीही थकवा आला असला तरी.

११. संगणकावरील काम

डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल हे दोन्ही मोफत आहेत. मी नवख्यांना सिरिल सुचवतो, कारण चित्रे जुळवण्यापासून रंग दुरुस्त करण्यापर्यंतची बहुतेक कामे त्यात होतात. सर्व प्रकारच्या चित्रांचे वेगळे फोल्डर करा, लाइट फ्रेम एकेक करून पाहा, ढग आलेली किंवा तारे लांबट झालेली चित्रे निर्दयपणे काढा आणि उरलेली एकत्र करा.

एकत्र केलेले चित्र उघडले की ते जवळजवळ पूर्ण काळे दिसते. अनेकांना इथे वाटते की सगळे फसले. तसे नसते: सगळी माहिती हिस्टोग्रॅमच्या डाव्या टोकाला दाटलेली असते आणि ती ताणून उलगडायची असते. क्रम असा ठेवा: कडा कापा, आकाशातील उजेडाचा चढउतार काढा, रंगांचे संतुलन करा, मग हळूहळू ताणा आणि शेवटी नॉइज कमी करा. ताणण्याआधी उजेडाचा चढउतार काढला नाही तर तो चित्राबरोबर ताणला जातो आणि नंतर निघत नाही. पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका. तेजोमेघाच्या सर्वांत मंद कडा तिथेच असतात. काम संपेपर्यंत चित्र १६ किंवा ३२ बिटमध्ये ठेवा, जेपेग अगदी शेवटी करा.

१२. चंद्र, ग्रह आणि सूर्य

चंद्र तेजस्वी आहे. एफ ११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग ही पौर्णिमेच्या चंद्रासाठी सुरुवात समजा. फोकल लेंग्थला ११० ने भागले की सेन्सरवरील चंद्राचा व्यास मिमीमध्ये मिळतो. विवरे पाहायची असतील तर पौर्णिमा टाळा, कारण तेव्हा सावल्या नसतात. अष्टमीच्या आसपास प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर ती उठून दिसतात.

ग्रहांसाठी हजारो चौकटींची चित्रफीत घेऊन ऑटोस्टॅकर्टसारख्या प्रोग्रॅमने त्यातील हवा शांत असतानाच्या चौकटी निवडतात. गुरू १० तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एक चित्रफीत दोन-तीन मिनिटांहून लांब झाली तर त्याचे पट्टे अस्पष्ट होतात.

सूर्याबद्दल एकच, पण कठोर सूचना. सूर्यासाठी बनवलेली गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याच्या दिशेला फिरवू नका. नेत्रिकेला लावायची गाळणी एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकते, आणि ग्रहणाचा चष्मा दुर्बिणीच्या मागे वापरला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. फाइंडरलाही झाकण लावा किंवा तो काढून ठेवा.

१३. पहिली लक्ष्ये आणि नोंदवही

मृगाचा तेजोमेघ, मेसिए या खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या धूसर वस्तूंच्या यादीतील ४२ वा, सर्वांत उदार लक्ष्य आहे. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असूनही एका मिनिटाच्या एकाच चित्रात रंगांसह दिसतो. त्याचा मध्यभाग मात्र इतका तेजस्वी आहे की लांब एक्स्पोजरमध्ये जळून जातो. म्हणून ५ आणि १५ सेकंदांची काही चित्रे वेगळी घेऊन ठेवा आणि ती नंतर मध्यभागात मिसळा. कृत्तिका दुसरे लक्ष्य. ताऱ्यांभोवतीचा निळा धूसर पडदा दिसू लागला म्हणजे तुमचे आकाश आणि तुमचा एकूण कालावधी दोन्ही पुरेसे आहेत असे ओळखा. देवयानी दीर्घिका तिसरी ठेवा, कारण तिच्या कडेच्या धुळीच्या पट्ट्यांसाठी निदान दोन-तीन तास लागतात.

एका रात्री एकच लक्ष्य घ्या. नोंदवहीत तारीख, जागा, तापमान, आयएसओ, सेकंद, चित्रांची संख्या, फोकस कधी तपासला आणि कॅमेऱ्याचा कोन कोणता होता हे लिहा. कोनाची नोंद विशेष जपा: पुढच्या महिन्यात त्याच वस्तूकडे परतलात आणि कॅमेरा त्याच कोनात लावलात, तर दोन्ही रात्रींची चित्रे एकत्र करता येतात आणि कडेचा भाग कापावा लागत नाही. मी फोकसरवर आणि कॅमेऱ्याच्या रिंगवर पांढऱ्या रंगाची एकेक खूण करून ठेवली आहे. त्या दोन खुणा एका रेषेत आल्या की मागच्या रात्रीचे काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होते.